तीन डोस झाले म्हणजे काम झालं, असं आमच्या बाबतीत नसतं

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात २८ जुलैला जागतिक हिपॅटायटीस दिनाची बातमी आली होती, चांगली होती, फोटो पण होता. त्यात शेवटी लिहिलं होतं की हिपॅटायटीस बीचे तीन डोस घ्या आणि निर्धास्त व्हा. ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोला म्हटलं, हे बघ, मी पण असाच सहा वर्षं निर्धास्त होतो. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे, लिहायला आज वेळ मिळाला. पत्र लांबणार आहे, कापायचं तिथे कापा पण मधला टायटरचा भाग (लसीने अंगात संरक्षण तयार झालं का ते बघणारी रक्ततपासणी) तेवढा ठेवा.

मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे, वय ४९. २००८ ला कळलं तेव्हा सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, ८६ होता, घरच्यांनी आशा सोडली होती. सरकारने २००४ च्या एप्रिलपासून एआरटी म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली होती म्हणून आज मी गिरणीत उभा आहे, नाहीतर तेव्हा आमच्यासारख्याला परवडणारं ते औषध नव्हतं. आता सीडी फोर सहाशेच्या आसपास असतो, व्हायरल लोड म्हणजे रक्तातला व्हायरस सापडत नाही, बायको निगेटिव्ह आहे. म्हणजे एचआयव्हीच्या बाजूने सगळं ठीक. पण माणूस एका दारावर पहारा ठेवतो आणि दुसरं दार उघडं राहतं, तसं माझं झालं.

२०१६ ला आमच्या ओळखीच्या एकाने सांगितलं की आपल्यासारख्यांनी पांढऱ्या काविळीची लस घ्यावी. आमच्याकडे हिपॅटायटीस बीला पांढरी कावीळच म्हणतात. मी एका खाजगी दवाखान्यात गेलो, तिथे पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा असं सगळं वेळेवर केलं. आधी रक्त तपासलं नाही, नंतर पण तपासलं नाही. आणि कंपाउंडरने तिन्ही वेळा इंजेक्शन कमरेत दिलं. मला काय माहीत, आपल्याकडे इंजेक्शन म्हणजे कमरेतच असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं. कार्डावर तीन तारखा आल्या, मी ते कार्ड लॅमिनेट करून घेतलं बघा, एवढा खूश होतो.

माझी धाकटी बहीण दुसऱ्या शहरात स्टाफ नर्स आहे. २०२२ च्या दिवाळीला आली तेव्हा ते कार्ड बघून म्हणाली, दादा, टायटर केलंस का? मी म्हटलं हे काय असतं. ती म्हणाली आम्हा नर्स लोकांचं पण बघतात, डोस संपल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटी एचबीएस म्हणून रक्ताची तपासणी असते, त्यात दहाच्या वर आकडा आला तर लस लागली म्हणजे संरक्षण मिळालं, नाहीतर नाही, आणि तुझ्यासारख्याने तर करायलाच पाहिजे. खाजगी लॅबमध्ये सात-आठशे रुपये गेले. रिपोर्ट आला ३.२. म्हणजे माझ्याकडे लॅमिनेट केलेलं कार्ड होतं आणि अंगात काही नव्हतं. आता ती लस मुळातच लागली नव्हती का लागून नंतर उतरली, हे कळायचा मार्ग राहिला नाही कारण वेळेवर तपासलंच नव्हतं.

मग मी बहिणीच्या मागेच लागलो, असं का झालं सांग. तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आमच्या भागात ऊसतोडीची टोळी येते. कोयता चालवणारे हात कितीही असू देत, मुकादम नसेल तर टोळी फडात उतरत नाही, कुठला फड, किती गाड्या, कोण कुठे, हे सगळं तो बघतो. शरीरात अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी म्हणजे ते कोयतेवाले आणि सीडी फोर पेशी म्हणजे मुकादम. लस काय करते तर शत्रूचा फक्त कोट दाखवते, हिपॅटायटीस बीच्या लसीत व्हायरस नसतोच, त्याच्या वरच्या आवरणातलं एक प्रोटीन यीस्टमध्ये तयार केलेलं असतं. ते बघून मुकादमाने टोळी कामाला लावायची असते. एचआयव्ही नेमका मुकादमालाच मारतो. आणि गोळ्यांनी सीडी फोर परत सहाशेवर आला तरी जुने जाणते मुकादम गेलेले असतात, नवीन भरती झालेली असते, ज्याचा सीडी फोर एकेकाळी फार खाली गेला होता त्याला लस लागायचे चान्सेस म्हणूनच कमी. वय जास्त, वजन जास्त, सिगारेट, हे सगळं पण त्यात भर घालतं. आणि कमरेत दिलेलं इंजेक्शन बऱ्याचदा चरबीतच राहतं, ही लस मोठ्या माणसाला दंडातच द्यायची असते. माझ्यात यातली तीन-चार कारणं एकदम होती, कशाला नाव ठेवू.

आकडे पण सांगतो कारण नुसतं माझं उदाहरण दिलं तर लोक म्हणतील याचंच नशीब फुटकं. धडधाकट तरुण माणसाला तीन डोसनंतर शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त जणांना संरक्षण मिळतं. फ्रान्समध्ये एचआयव्ही असलेल्या चारशेपेक्षा जास्त लोकांवर एक मोठी ट्रायल झाली, २०११ ला छापून आली, त्यात सगळ्यांचे सीडी फोर दोनशेच्या वरचे होते. नेहमीचे २० मायक्रोग्रॅमचे तीन डोस घेतलेल्यांत ६५ टक्के लोकांना लस लागली. म्हणजे शंभरातले पस्तीस जण माझ्यासारखे, कार्ड हातात आणि हात रिकामा. त्याच ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला डबल डोस म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, तो पण चार वेळा, सुरुवातीला, एक महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी असा दिला तर ८२ टक्क्यांना लागली. लस तीच, फक्त जास्त आणि एक वेळ वाढवून.

आणि २०२४ च्या डिसेंबरला अजून एक ट्रायल छापून आली, त्यात नवीन प्रकारची लस होती, तिच्यात शरीराला जागं करणारा वेगळा पदार्थ घातलेला असतो, हेप्लिसॅव-बी नाव. ज्यांना आधीची लस लागलीच नव्हती अशा एचआयव्हीवाल्यांना तिचे दोन डोस दिले तर ९३ टक्के आणि तीन डोस दिले तर ९९ टक्के लोकांना संरक्षण मिळालं, तिथे जुनी लस परत तीनदा दिलेल्यांत ८१ टक्के. आमच्या इथल्या मेडिकलवाल्याला ते नाव सांगितलं तर तो म्हणाला काका हे कुठल्या कंपनीचं पाणी? असो. पण त्या आकड्यात माझ्यासाठी जास्त मोलाची गोष्ट कोणती तर जुनीच लस दुसऱ्यांदा नीट दिली तरी ऐंशीच्या वर लोकांना लागते. म्हणजे पहिल्यांदा नापास झालेला माणूस कायमचा नापास नाही. फक्त तो नापास झालाय हे त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे ना!

मी डॉक्टरांना विचारून तसंच केलं, डबल डोस चार वेळा, दंडात. (कुणी हे पत्र वाचून मेडिकलमधून आणून टोचून घेऊ नका, आधी डॉक्टर, आधी रक्त.) शेवटच्या डोसनंतर दीड महिन्याने टायटर १८४ आली. बहिणीने फोनवर शिट्टी मारली.

आता काही लोक म्हणतील एचआयव्ही असताना अजून या काविळीची एवढी काळजी कशाला. तर ऐका. हा व्हायरस एचआयव्हीपेक्षा पन्नास ते शंभर पट जास्त सहज पसरतो, सुकलेल्या रक्तात शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. दवाखान्यात सुई टोचली गेली तर काय, याचा नर्स लोकांत एक ढोबळ हिशोब असतो, हिपॅटायटीस बीचा धोका शंभरात तीस, सीचा शंभरात तीन आणि एचआयव्हीचा हजारात तीन. ज्या एचआयव्हीला लोक एवढे घाबरतात की माझ्या गिरणीत दळण टाकायचं बंद केलं होतं काही घरांनी, तो या तीनात सगळ्यात खालचा आहे, हे कुणाला पटत नाही. २००९ ला गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज परत वापरल्यामुळे हिपॅटायटीस बीची साथ आली, माणसं मेली. सलूनमधला वस्तरा, जत्रेतलं गोंदण, इंजेक्शनची सुई, असुरक्षित संबंध, आईकडून बाळाला, वाटा बऱ्याचशा त्याच ज्या एचआयव्हीच्या. म्हणून ज्याला एक आहे त्याला दुसरा व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त.

आणि झाला तर आमच्यात तो ठाण मांडून बसतो. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव जण स्वतःच बरे होतात, आमच्यात कायमचा राहणाऱ्यांचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त असतं. मग लिव्हर कडक होणं, लिव्हरचा कॅन्सर, हे सगळं दोन्ही असलेल्या माणसात लवकर येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२२ ला आपल्या देशात २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटीस बी होता. बहुतेकांना माहीत पण नाही कारण कावीळ दिसतच नाही, नाव कावीळ आणि डोळे पांढरे. पांढरी कावीळ हे नाव त्यावरूनच पडलं असावं असं मला वाटतं.

आमच्या ग्रुपमधल्या एका पोराचं सांगतो, नाव नको. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याला दोन्ही होतं. आता गंमत अशी आहे की आमच्या टीएलडी नावाच्या एचआयव्हीच्या गोळीत जे टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन असतं ते दोन्ही हिपॅटायटीस बीवर पण काम करतं, एका गोळीत दोन जनावरं बांधलेली. याला ते कुणी नीट समजावलं नव्हतं, का समजावलं आणि याने ऐकलं नाही, देव जाणे. कुठल्यातरी बाबाच्या काढ्याने एचआयव्ही मुळासकट जातो म्हणून याने गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यात डोळे हळदीसारखे पिवळे. घरच्यांनी काय केलं तर गळ्यात काविळीची माळ घातली, ती वाढत वाढत खाली आली की कावीळ उतरली म्हणे, आणि एक जण नाकात कसलेतरी थेंब सोडायचा. तेल बंद, हळद बंद, उसाचा रस चालू. त्याला ॲडमिट करेपर्यंत पोटात पाणी झालं होतं. वाचला, पण लिव्हर गेलं ते गेलं, आता ट्रॅक्टरवर बसवत नाही त्याला. एचआयव्हीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर दुसरं जनावर सुटून लिव्हरवर धावून जातं, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

हीच गोष्ट उलट्या बाजूने पण लागू आहे आणि हे आमच्या लोकांत फार कमी जणांना माहीत आहे. टीएलडी घेतोय तोवर त्यातल्या औषधामुळे नवीन हिपॅटायटीस बी व्हायची शक्यता कमी होते असं दिसलंय. त्यामुळे काही जण म्हणतात मग लस कशाला. पण पुढे किडनीमुळे क्रिएटिनिन वाढलं की डॉक्टर टेनोफोविर काढतात, आमच्यातल्या दोघांचं काढलंय, वयाने हे होऊ शकतं. आता तर बाहेरच्या देशात दोन महिन्यातून एकदा घ्यायची एचआयव्हीची इंजेक्शनं आलीत, आज ना उद्या आपल्याकडे सर्रास येतील, त्यात हिपॅटायटीस बीवर चालणारं काहीच नाही. त्या दिवशी छत्री काढून घेतली जाणार आणि अंगात अँटीबॉडी नसेल तर भिजणार. म्हणून टेनोफोविर चालू आहे तोपर्यंतच लस घेऊन, तपासून मोकळं व्हायचं. आणि ही जिवंत लस नाही त्यामुळे सीडी फोर कमी असला तरी ती अपाय करत नाही, फक्त लागायचं प्रमाण कमी राहतं. सीडी फोर वाढू दे मग बघू असं म्हणत पाच वर्षं काढलेली माणसं आमच्या ग्रुपमध्ये आहेत.

लस महाग आहे असं पण नाही राहिलं. एके काळी बाहेरून यायची आणि श्रीमंतांनाच परवडायची, १९९७ ला हैदराबादच्या शांता बायोटेकने आपल्या देशात बनवली आणि भाव कोसळले. पुण्याची सीरम पण बनवते, म्हणजे आमच्यापासून चार-पाच तासांवर बनते. लहान मुलांना तर सगळं फुकट आहे, जन्मल्यावर चोवीस तासाच्या आत एक डोस आणि मग दीड, अडीच, साडेतीन महिन्याला. पण हा कार्यक्रम सगळ्या देशात पोचला २०११ नंतर. त्याच्या आधी जन्मलेल्या आम्हा मोठ्या माणसांना कोण विचारतं? एआरटीवर जी मंडळी आहेत त्यातली बहुतेक त्याच आधीच्या पिढीची आहेत. आणि एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांची सगळ्यात जास्त संख्या कुठल्या राज्यात तर आपल्या महाराष्ट्रात.

मला गाऱ्हाणं कुणा एकाविरुद्ध करायचं नाही. एआरटीवरच्या काउन्सेलर मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या आहेत, एका दिवसात किती जणांशी बोलायचं त्यांनी. पण आमचं जे हिरवं पुस्तक असतं, दर वेळी गोळ्या घ्यायला जाताना नेतो ते, त्यात वजन, सीडी फोर, व्हायरल लोड, टीबीची लक्षणं सगळं लिहितात. त्यातच हिपॅटायटीस बीची आधीची तपासणी, डोसच्या तारखा आणि टायटरचा आकडा हे पण लिहायला लागा एवढंच. २०१८ पासून सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम आहे, एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटीस बीची लागण आहे का ही तपासणी फुकट होते, लागण निघाली तर औषध फुकट मिळतं, हे खरंच मोठं काम आहे. पण लागण निघाली नाही त्याला घरी पाठवतात तेव्हा, लस घेतलीस का आणि लागली का, हे पण विचारा. टायटरचे सात-आठशे रुपये मला जड नाही गेले, रोजंदारीवाल्याला जातात, तो तीन दिवस राबून रक्त तपासायला जाणार नाही हे कुणालाही कळतं. दरवर्षी करावी लागते ते वेगळंच. इतरांना एकदा लस लागली की आकडा खाली आला तरी शरीराला आठवण राहते म्हणतात, आमच्यात त्या आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही, आकडा दहाच्या खाली गेला की बूस्टर घ्यायला सांगतात.

एक छोटी गोष्ट सांगायची राहिली, कामाची आहे. लस घेतल्यावर दोन-तीन आठवडे एचबीएसएजी तपासणी करू नका, लसीतलंच प्रोटीन रक्तात सापडून खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. आमच्यातल्या एकाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, चार दिवस आधी लस घेतलेली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि ऑपरेशन पुढे ढकललं, घरात रडारड. जुने लॅबवाले अजून त्या टेस्टला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात. ब्लुमबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाला ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं म्हणून तसं नाव पडलं, पुढे १९७६ ला त्याला नोबेल मिळालं आणि २८ जुलै हा त्याचाच वाढदिवस. त्या घरातल्या म्हाताऱ्या आईला वाटलं पोरगं ऑस्ट्रेलियाचा काहीतरी रोग घेऊन आलंय, हा तर कधी कोल्हापूरच्या पुढे गेला नाही. महिन्याने परत टेस्ट केली, निगेटिव्ह.

बायकोचे पण तीन डोस करून घेतले, तिला एचआयव्ही नाही तर तिची टायटर पहिल्याच फटक्यात साडेचारशे आली, तेव्हापासून घरात ती मला कच्चा लिंबू म्हणते. माझी पुढची टायटर जानेवारीत आहे, बहिणीने कालनिर्णयवर लाल पेनने गोल करून ठेवलाय, आणि त्याच्या बाजूला बायकोने गिरणीच्या लाईटबिलाची तारीख लिहिलीय.

आपला,
एक गिरणीवाला वाचक
(नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये)